मारोतीनं विणलेली मुसकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मारोतीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मारोतीला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरकडच्या एका गावात शाळामास्तर. माणूस सुखी आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी तोंड पाडून बसलोय असं तुम्ही धरून चालाल. तसं काही नाही. जेवण अंगी लागतं, दोन्ही मुली हुशार आहेत, बायकोशी आठवड्यातून एकदा भांडण होतं आणि त्यात तीच जिंकते. हे सुख माझ्याकडे कोणत्या वाटेनं आलं, ते सांगायचं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या शाळेत हैदराबादकडून एक पी.टी. सर बदलून आले आणि त्यांनी सायकल पोलो आणला. घोड्यावरचा नव्हे, सायकलवरचा. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा लाकडी हातोडा, आणि चेंडू समोरच्यांच्या गोलात घालायचा. पोरं बघत राहिली, वेड लागलं ते आम्हा मोठ्यांना. सर, मी, गावचा लाइनमन आणि मारोती. मारोती माझा पहिलीपासूनचा जोडीदार. घरची कापसाची शेती, बैलांचा नाद, आणि बासरी — ती अशी वाजवायचा की भजनाला बसलेली माणसं टाळ वाजवायचं विसरत. आमच्या वस्तीतल्या जयंतीलाही तोच वाजवायचा. त्याच्याशिवाय मिरवणूक निघाल्यासारखी वाटायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात लाइनमनच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा डोक्याचा विचार सुरू झाला. डोक्यावर काय घालायचं ते मी ठरवायचं होतं — मास्तर म्हणजे अक्कल असणार, असा सगळ्यांचा समज. आणि मी ते काम मन लावून केलं, हेही खरं. मोटारसायकलचं हेल्मेट आणून पाहिलं. आत डोकं उकडून निघायचं, मागून कोण येतंय ते ऐकू येत नसे, आणि चेंडूकडे वाकलं की मान खाली ओढली जायची. लाइनमनची टोपी हलकी, पण वाकलं की चेंडूच्या आधी तीच गोलात जायची. शेवटी कोळशाच्या खाणीत कामाला असलेल्या मावसभावाकडून पाच जुन्या टोप्या आणल्या. आत गोधडीचे तुकडे शिवले, हनुवटीखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मग ज्वारीच्या पोत्यावर ठेवून प्रत्येकीवर हातोडा मारून पाहिला. एक तडकली, चार टिकल्या.

राहिलं तोंड. ते मारोतीनं सोडवलं. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलानं कापसाच्या पऱ्हाटीला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधतात ना? मारोती ती मुसकी घरीच विणायचा. त्यानं तसंच मुसकं तारेचं विणलं, वर टोपीला अडकवलं, श्वासाला खाली मोकळं ठेवलं. मी ते घालून उभा राहिलो आणि सरांनी समोरून दोन फटके मारले. तार थोडी दबली, नाकाला काही लागलं नाही. मग त्यानं बाकी तिघांचीही विणली. फार चांगली वस्तू होती ती. गावातले लोक हसायचे, बैल निघाले म्हणायचे. मारोती त्यांना मान हलवून दाखवायचा. मला मात्र ते हसणं लागायचं.

पुढे सरांची बदली झाली, त्यांच्या जागी आमचा चपराशी खेळायला लागला. तेवढ्यात आदिलाबादला, मावला गावाच्या बाजूच्या मैदानावर सामने ठरले. आम्हाला बोलावणं आलं, इंग्रजीतलं पत्र. आणि त्याच आठवड्यात मावल्याहूनच माझ्यासाठी स्थळ आलं. मुलीचा भाऊ म्हणाला, पाहण्याचा कार्यक्रम नंतर करू, आम्ही सामना पाहायला येतोच आहोत, ताईही असेल.

इथे मला जरा थांबू द्या. माझे वडील मारोतीच्या वडिलांकडे सालगडी होते. बैलांना मुसकी बांधण्यात त्यांची उमर गेली. तेव्हा मुलीच्या माणसांसमोर आपण मुसकं घालून उतरायचं याची मला लाज वाटली — असं सांगितलं तर तुम्ही मान डोलवाल. मीही स्वतःला कितीदा तेच सांगून पाहिलं. पण ते खरं नाही. खरं इतकंच, की मी मिशी नुकतीच कोरली होती आणि मी दिसायला बरा आहे असं मला वाटायचं. तिला माझं तोंड दिसावं. बस्स.

मग फक्त स्वतःचं मुसकं का नाही काढलं? — तिघं मुसक्यात आणि मी एकटा उघडा, तर कुणीतरी विचारलंच असतं. मारोतीनं तर नक्की विचारलं असतं, आणि आठ दिवस चिडवलं असतं. त्या चिडवण्याला मी भ्यालो.

पत्रात लिहिलं होतं की खेळाडूंनी शक्यतो डोकं आणि तोंड दोन्ही झाकावं, घरी केलेली जाळी असली तरी चालेल. मी ते तिघांसमोर धरलं आणि उलटं वाचलं. टोप्या चालतील, तोंडावर जाळी चालणार नाही. इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. मारोतीनं मुसकं हातात फिरवलं. म्हणाला, “काऊन बा, ते का कोनाले चावते?” पण कागदातच आहे म्हटल्यावर त्यानं चारही मुसकी सोडवली आणि गोठ्यात नेऊन टांगली.

मैदानावर समोरचे चौघं उतरले ते क्रिकेटसारखी जाळीची हेल्मेटं घालून. मारोती सायकल ढकलत माझ्याजवळ आला.

“मास्तर, त्यायच्या तोंडाले तं जाळी हाय.”

तेव्हा तरी बोलायचं — नाही का? मुसकी गावात राहिली होती, पण जपून खेळ, गर्दीत घुसू नको, एवढं तरी मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, “ते मंजूर जाळी हाय. घरची चालत नाही.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. आणि ते बोलताना मी त्याच्याकडे बघतही नव्हतो. लिंबाखाली बायका बसल्या होत्या, तिकडे बघत होतो.

अर्धा खेळ झाला असेल. समोरच्यानं मारायला हातोडा मागे नेला आणि मारोती त्याच वेळी मागून वाकला. आवाज अगदी लहान झाला. पुढचे चार दात गेले, वरचा ओठ फाटला. मी सायकल टाकली, त्याला पाठीवर घेतलं आणि रिक्षा मिळेपर्यंत धुळीतून पळत राहिलो. दवाखान्यात मी रडलो. ते रडणं खोटं नव्हतं, पण रडतानाही कुणी पत्र मागेल का, हा विचार डोक्यात होताच. कुणी मागितलं नाही.

टाके सुकल्यावर त्यानं बासरी लावली. नुसती हवा. महिनाभर रोज गोठ्यात बसून तो फुंकत राहिला, बैल त्याच्याकडे बघत राहायचे. मग एक दिवस बासरी आमच्या वस्तीतल्या एका वाजवणाऱ्याला देऊन टाकली. “वाजतच नाही तं ठिऊन काय करू?” म्हणाला. पुढे त्यानं कवळी बसवली. तिनं भाकर चावता येते, सूर काही निघत नाही.

आणि तो मला सांभाळून घेतो. कुणी दातांचं विचारलं की सांगतो, नियमच तसा होता, मास्तर काय करन? त्यानं तं मले पाठीवर नेलं. हे मी शंभर वेळा शेजारी बसून ऐकलं आहे. एकदाही चेहरा हलू दिला नाही.

लग्न जमलं. शीला माझी बायको झाली. वर्षभरानं मी लाडात येऊन तिला विचारलं, त्या दिवशी मी कसा दिसत होतो? ती हसली.

“तोंड कोनं पाह्यलं तुमचं? धुळीनं भरलं होतं. तुमी त्या मानसाले पाठीवर घेऊन पळाले, ते पाह्यलं. मनात म्हनलं, हा सोडून जानार नाही.”

म्हणजे माझ्या मिशीचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो मारोतीच्या दातांचा. त्यांच्यावर माझा संसार उभा राहिला, आणि चांगला उभा राहिला. शीला मुलींना ती गोष्ट सांगते तेव्हा मी तिला थांबवत नाही.

त्याला सांगितलं तर काय होईल? तो मला माफ करील. मला ते पक्कं ठाऊक आहे. तरी सांगत नाही. मी चांगला माणूस आहे असं त्याला वाटतं, आणि ते मला आवडतं. दहा वर्षं झाली, अजून आवडतं.

यंदाही जयंतीला मारोती आला होता. बासरी दुसराच कुणी वाजवत होता, बरी वाजवत होता. मारोती माझ्याजवळ बसला होता. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून उठत होती, पडत होती. शीलानं आम्हा दोघांना चहा आणला. त्याला आधी दिला, मग मला. मी तो प्यायलो.