ओटीपी कुणालाही सांगू नये

उद्धवरावांच्या दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत. आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण भोसरीत पत्रे दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ज्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली, त्याचे पंजे एकदा बघा आणि मग बोला. उद्धवरावांची बोटं वाचली ती निव्वळ भीतीनं. मशीन बंद केल्यावरही ते मेन स्विच दोनदा बघणार, आणि मगच डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात घालणार. पोरं हसायची. "राव, मशीन हाय ती, वाघ न्हाई!" हसा लेको, ते म्हणायचे, आणि पुन्हा एकदा स्विच बघायचे.

तर असा हा माणूस. औसा तालुक्यातून इकडं आला, एका कंपनीत चिकटला, सुपरवायझर झाला, तरी गॅस बंद आहे का हे बघायला जिन्यावरून माघारी फिरायचा. त्यात दोन वर्षांपूर्वी सुमनताईंना कुणीतरी गोड आवाजात फोन केला. लाइट कापू म्हणाला, आकडा विचारला, आणि त्या बिचारीनं तो सांगितला. खात्यातले साडेचार हजार गेले. झालं! उद्धवरावांनी घर डोक्यावर घेतलं. आठ दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. फ्रिजवर कागद चिकटवला, लाल पेनानं लिहून: ओटीपी कुणालाही सांगू नये. फोन वाजला की तो उद्धवरावांनीच उचलायचा, सुमनताईंनी हात लावायचा नाही, असा घरात कायदाच झाला. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे, "आमच्या हिला काय, कुणी बी विचारलं की सांगून मोकळी." ती माउली मान खाली घालून चहा ठेवायला जायची.

यंदा जुलैत त्यांनी नेहमीच्याच गाळ्यात वर्षालीकडं कागद दिले. ही मुलगी लांडेवाडीत एका छोट्या गाळ्यात बसते आणि अर्ध्या कामगारांचे आयकराचे रिटर्न भरते. आधी तिचे वडील भरायचे आणि गाळ्यातच अंगठा-सही घेऊन मोकळे करायचे. यंदापासून गाळा तिच्याकडं. तिची आई आणि सुमनताई एकाच गावच्या लेकी. चार दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, रिटर्न भरलंय. आता मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

गोड आवाज आणि वर ओटीपी! उद्धवरावांच्या अंगावर काटाच आला. "मला शिकवतीस व्हय गं?" असं ओरडून त्यांनी फोन आपटला आणि नंबर ब्लॉक करून टाकला. मागाहून आयकर खात्याच्या नावानं मेसेज येत राहिले, तेही न वाचता पुसले. संध्याकाळी सुमनताईंना ऐटीत म्हणाले, "बघ, याला म्हणतात हुशारी."

तो फोन खरोखर वर्षालीचाच होता, हे त्यांना डिसेंबरात कळलं.

त्याचं झालं असं. ज्या फ्लॅटमध्ये हे जोडपं इतकी वर्षं भाड्यानं राहतंय, तो विकायला निघाला. घरमालक युसुफभाई भला माणूस. खाली त्यांचं गॅरेज. ते म्हणाले, "उद्धवराव, पहिला हक्क तुमचा. मात्र जानेवारीत मला व्यवहार उरकायचाय, नंतर माझा नाइलाज आहे." सुमनताईंनी त्याच दिवशी देवघराची जागा ठरवली. पहिल्यांदाच भिंतीत स्वतःच्या मर्जीनं खिळा ठोकता येणार होता. उद्धवराव कर्जाला बँकेत गेले. तिथल्या साहेबानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"यंदाचं रिटर्न कुठंय?"

"भरलं की, साहेब."

"भरलंत, पण ओटीपी टाकून पक्कं केलं नाहीत. म्हणजे न भरल्यातच जमा. आठ दिवसांत पावती आणा, नाहीतर फाइल बंद करतो."

उद्धवरावांना जुलैतला तो गोड आवाज आठवला. म्हणजे ती खरीच वर्षाली! बाहेर येऊन ते तडक कंपनीत गेले. आणि नडीची वेळ आली की नवनाथसारखा मित्र भेटतोच! नवनाथ त्यांच्याच शॉपमधला, बारा भानगडींची माहिती असलेला. तो म्हणाला, "रिटर्न भरलं न्हाई? अरारा! दंड हाय, भाऊ. लई ताणलं तर आत बी टाकत्यात."

आत! नवनाथ तंबाखू मळत निघून गेला, पण उद्धवरावांच्या डोक्यातून तो शब्द काही जाईना. सुटीच्या वेळी गेटजवळ पोलिसांची गाडी उभी दिसली. पोलीस आपले वडापाव खात होते. पण हा बाबा टेम्पोच्या आड उभा राहिला, गाडी हलेपर्यंत. या वयात बेड्या, गल्लीत बोभाटा, घर हातचं गेलेलं, असं सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. आणि या सगळ्याहून एक भीती मोठी होती. ही गोष्ट सुमनला कुठल्या तोंडानं सांगायची?

दुसऱ्या दिवशी ते वर्षालीच्या गाळ्यात गेले. गाळ्याला कुलूप! फोनमधून तिचा तो नंबर शोधून मोकळा केला, आणि भीत भीत लावला.

"काका! अहो, किती मेसेज पाठवले मी!" ती म्हणाली. "मावशीच्या मुलीच्या लग्नाला गावी आलेय. घाबरू नका, तुम्हाला कुणी आत टाकत नाही. जुनं रिटर्न रद्द करून नव्यानं भरते. उशिराची फी तेवढी पडेल, पाच हजार. एकतीस डिसेंबर उलटला असता, तर मात्र अवघड होतं. रविवारी सकाळी फोन करते. ओटीपी मात्र लागेल, काका."

जेल टळली, पण झोप काही आली नाही. रविवारी सुमनताईंनी ताटात भाकरी वाढली. उद्धवराव नुसतीच भाकरी कुस्करत बसले.

"काय झालंय ओ? चार दिवस बघतेय मी. बोला की."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुलैतला फोन, ब्लॉक केलेला नंबर, बँकेतला साहेब, सगळं. "चुकलं माझं, सुमन. माझ्या पायी घर जातंय बघ."

"दंड किती?"

"पाच हजार."

सुमनताईंनी भाकरीची टोपली झाकली. मग हळूच म्हणाल्या, "माझे साडेचार गेले होते."

बास, एवढंच. उद्धवरावांना ताटातून मान वर करता येईना. त्या आठ दिवसांत ती जेवली होती की नाही, हेसुद्धा आपण विचारलं नव्हतं, हे त्यांना आत्ता आठवलं. आणि पाहुण्यांसमोर किती वेळा बोललो, त्याची तर गणतीच नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. वर्षालीच. "काका, फी भरून झाली. ओटीपी आलाय बघा. लवकर सांगा, मुदत संपायच्या आत."

आकडा समोर दिसत होता. उद्धवरावांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. खरीच वर्षाली कशावरून? आवाज तर कुणीही काढतं. प्रेसपुढं कधी न थरथरलेली ती बोटं आता अशी थरथरली की फोन निसटून ताटाशेजारी पडला.

"काका? आहात ना?"

सुमनताईंनी पदराला हात पुसले आणि फोन उचलला. स्पीकर लावला. "वर्षाली, तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?"

"निलंगा, काकू. का?"

सुमनताईंनी मान हलवली. पोरगी खरी होती. मग त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली, आणि वाचायच्या आधी थांबल्या. फ्रिजवरच्या कागदाकडं एकदा बघितलं, मग नवऱ्याकडं.

"सांगू का?" त्यांनी विचारलं.