पत्त्याची चौकशी

"हा एकटाच येतो, की याच्यासारखे आणखी काळे येतात तुझ्याकडे?"

पोलीस ठाण्यातल्या साहेबाने तमिळमधून विचारलं. आवाज चढवला नाही. घर नंबर विचारावा तसं विचारलं. मी टेबलासमोर उभी. माझा नवरा इद्रिस बाकावर, मांडीवर कागदांची फाईल घट्ट धरून. त्याला तमिळ येत नव्हती. साहेब हसला म्हणून तोही हसला. मग मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणाले?

मी सांगितलं, घरात माणसं किती ते विचारतायत.

"टू, सर," इद्रिस म्हणाला. दोन बोटंही दाखवली.

अख्खं ठाणं हसलं. कोपऱ्यातली बाई शिपाई रजिस्टरात मान घालून हसली. इद्रिसला वाटलं, आपण काहीतरी बरं बोललो. मी शिकवलेला एकुलता एक तमिळ शब्द त्याने काढला. "नन्री, सर." आभारी आहे.

इद्रिस सुदानचा. चेन्नईत फार्मसी शिकत होता. मी मैलापूरला एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स. बाप सोलापूरकडचा, रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून इथे पेरंबूरला आला. मी तिथल्या क्वार्टरात वाढले. तमिळ मला मराठीइतकीच कळते. शिव्याही कळतात. आम्ही रजिस्टर लग्न केलेलं. त्याचा व्हिसा वाढवायचा तर आधी ठाण्याने पत्त्याची चौकशी करून रिपोर्ट द्यायचा. तेवढ्यासाठी चार खेपा घालायला लावल्या.

दुसऱ्या खेपेला साहेबाने लग्नाचा दाखला दोन बोटांत उचलला आणि माझी जात विचारली. मी सांगितली.

"मग बरोबर. तुम्हा लोकांना कोणीही चालतं."

इद्रिसने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, वडिलांची नोकरी विचारली. तिसऱ्या खेपेला साहेब काय म्हणाला ते मी आईलाही सांगितलेलं नाही. इद्रिसला सांगितलं, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मी त्याला वाचवत होते, असं मला वाटत होतं. दर वेळी तो आभार मानून बाहेर पडायचा.

चौथ्या खेपेला त्याने साहेबासाठी खजूर नेले. त्याच्या आईने धाडलेले. साहेबाने एक खाल्ला, बी टेबलाखाली थुंकली आणि मला म्हणाला,

"विचार त्याला, शेपूट पँटमध्ये कसं मावतं."

इद्रिस हसत उठला. छातीवर हात ठेवला. तो "नन्री" म्हणणार, एवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आणि सांगितलं. इंग्रजीत, मोठ्याने, शब्दन् शब्द. आजचं सांगितलं. मग मागच्या तिन्ही खेपांचं. कोणी हसलं नाही. बाई शिपायाने मान वर केली आणि परत घातली.

इद्रिसने साहेबाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुला पहिल्या दिवसापासून कळत होतं?"

कळत होतं.

तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी कागद मागितला. दिला नाही. नर्सिंग होमची डायरी पर्समध्ये होती, तिचं पान फाडलं. त्यावर साहेबाची वाक्यं तमिळमध्ये लिहिली, खाली माझं नाव घातलं आणि पोच मागितली. साहेबाने पान फाडलं. मी घरी येऊन पुन्हा लिहिलं आणि पोलिसांच्या वरच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

त्या संध्याकाळी इद्रिस जेवला नाही. एवढंच विचारलं, "मी त्या माणसाला किती वेळा थँक्यू म्हणालो?" मी आकडा सांगितला नाही. त्याने स्वतःच बोटांवर मोजला.

रिपोर्ट गेला. 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' व्हिसा नाकारला. शेवटचं वर्ष अर्धं टाकून तो सुदानला परत गेला. वरच्या ऑफिसकडून माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. मी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं.

आई म्हणाली, गप बसली असतीस तर सही मिळाली असती. खरं आहे. मिळाली असती. मी चूक केली, पण ती बोलण्याची नाही. चौथ्या खेपेपर्यंत थांबले, ही माझी चूक.

आता कुठल्याही टेबलासमोर उभी राहीन तेव्हा पहिल्याच वाक्याला तोंड उघडीन.