सासूबाईंचा जबाब

शिरगावकडच्या आमच्या घराला मागे पडवी आहे. घरातल्या बाईला पाळी आली की चार दिवस तिचा मुक्काम तिथे. चटई, तांब्या, वेगळं ताट, सगळं तिकडेच. लग्न झालं तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. मग कळलं की त्या चार दिवसांत चुलीपुढे बसावं लागत नाही, तेव्हा राग जरा खाली आला. पण गेला नाही.

पुढे नवरा तारापूरच्या एका कारखान्यात कायम झाला, मलाही कापडाच्या कारखान्यात घड्या घालायच्या खात्यात काम मिळालं. गावाहून सकाळची शिफ्ट गाठताना जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून आम्ही बोईसरला खोली घेतली. मुलगी लहान होती. तिला सांभाळायला सासूबाई आल्या. मी त्यांना आई म्हणते. आई देव घेऊन आल्या, पाटा-वरवंटा घेऊन आल्या आणि चार दिवसांचा नियमही घेऊन आल्या. पडवी तेवढी गावाला राहिली.

खोली एकच. पहिल्या महिन्यात मला दाराजवळ मोरीच्या कडेला बसवलं. येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा. मुलगी सारखी मांडीत येऊन बसायची, की लगेच तिला आंघोळ. आई दुखरे गुडघे धरून स्वयंपाक करायच्या आणि मधूनमधून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी हे मुद्दामच आणलंय. नवरा बिचारा ताट घेऊन बाहेर जिन्यावर जेवायचा. कारखान्यात मात्र याच हातांनी मी ढीगभर कापडाच्या घड्या घालत होते. त्या कापडाला कधी कुणाचा विटाळ झाला नाही.

यावर तोड आईंनीच काढली. सणावाराला पाळी पुढे ढकलायची गोळी मिळते हे त्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये त्या गेल्या. दुकानदार तोंडाचा गोड. म्हणाला, "मावशी, दर खेपेला कशाला येता? हे पाकीट न्या. शेवटच्या रंगीत गोळ्या फेकून द्यायच्या आणि लगेच पुढचं पाकीट सुरू करायचं. पाळी येणारच नाही." खोक्यातून पट्टी काढून त्याने त्यांच्या हातात ठेवली. खोकं आणि आतला माहितीचा कागद दुकानातच राहिला. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, बिल दिलं नाही, गोळ्या कुणासाठी, तिला काही आजार आहे का, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्या मूल न होण्याच्या गोळ्या आहेत हे मला पट्टी बघताच कळलं. मलाही इतक्यात दुसरं मूल नको होतं. एका गोळीने घरात शांतता नांदत असेल तर नांदू दे, म्हणून मी घेत राहिले. आमच्या चाळीतल्या आणखी दोघीतिघी घेतच होत्या. सगळ्यांच्या खोल्या एकेकच होत्या ना.

वर्ष उलटून गेल्यावर पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. तिथून कळ निघाली की थेट पाठीत, खांद्याच्या फऱ्यापर्यंत जायची. तळलेले बोंबील खाल्ले की हमखास. आईंनी कोकमाचं पाणी दिलं, ओव्याचा शेक दिला. त्याच मेडिकलवाल्याने गॅसच्या गोळ्या दिल्या. एक दिवस कामावर घडी अर्धी टाकून मी खाली बसले ती उठेचना. शेजारच्या टेबलावरची बिहारकडची बाई ओरडली, "दीदी, चेहरा एकदम सफेद पड़ गया है, अस्पताल चलो."

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, वर सूज. ते काढावं लागणार होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी गोळ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खडे या गोळ्यांमुळेच झाले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोळी न घेणाऱ्या बायकांनाही होतात. पण या गोळ्यांनी खड्यांचा धोका वाढू शकतो. एकदाही न तपासता एवढे दिवस घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

निरोप मिळून आईही दवाखान्यात आल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या.

ऑपरेशन नीट झालं. पोटावर छोटी छोटी छिद्रं, आत दुर्बीण, थोड्याच दिवसांत घरी. पण पडल्या पडल्या माझं डोकं तापायला लागलं. चाळीतल्या त्या दोघीतिघी अजून त्याच दुकानातून तशाच पट्ट्या आणत होत्या. मी जाऊन भांडले असते, पण टाके ओले होते. कारखान्यातल्या एकीने सांगितलं की पालघरच्या कोर्टात बाईमाणसाला फुकट वकील मिळतो. चालायला लागल्यावर पहिली तिथे गेले.

वकीलबाई तरुण होत्या आणि मला फसवणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, गोळ्या बनवणाऱ्या कंपनीशी लढणं अवघड आहे. कागदावर त्यांनी धोका छापलेला असतो, आणि खडे गोळ्यांमुळेच झाले हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. पण दुकानदाराचं तसं नाही. चिठ्ठीशिवाय दिल्या, कागद काढून घेतला, बिल नाही, वर डॉक्टरसारखा सल्ला दिला. औषध निरीक्षकाकडे तक्रार करू. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात जाऊ, त्याला दोन वर्षांची मुदत असते." मग त्यांनी विचारलं, "गोळ्या घ्यायला दुकानात कोण जायचं?"

मी त्या दुकानाची पायरी एकदाही चढले नव्हते. सगळं प्रकरण आईंच्या तोंडावर येऊन थांबलं. त्या बोलल्या तर तक्रार उभी राहणार, नाहीतर मी आणि माझा राग.

घरी येऊन मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. नवरा म्हणाला, "आईला यात ओढू नकोस. परक्या पुरुषांसमोर ती असलं काय बोलणार?" मला त्याचं पटलं, आणि पटल्याचा संतापही आला. माझ्या पोटाला भोकं पडली, ती परक्या पुरुषांना दाखवून झाली, आणि इथे नुसतं बोलायची लाज! मी भांडी आपटली.

निरीक्षकांकडे जायच्या दिवशी मी एकटीच निघाले, तर आई दारात चपला घालून उभ्या. अंगावर लग्नाकार्याची साडी. "माजी पन जागा धर रिक्षात," एवढंच म्हणाल्या. उमरोळी मागे पडली, पालघर आलं. मला धाकधूक होतीच. ऐन वेळी त्या काहीतरी गुळमुळीत बोलतील आणि सगळं पाण्यात जाईल, असं वाटत होतं.

वकीलबाई तिथे आधीच येऊन थांबल्या होत्या. निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. आईंनी त्यांना सरळ सांगितलं. दुकान कुठलं, दुकानदार काय बोलला, कागद कसा काढून घेतला, सगळं. मग ते जरा अवघडून म्हणाले, "मावशी, गोळ्या कशासाठी आणत होता?" आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिची पाळी आमाला घरात नको व्हती. गावाला पडवी हाय, हिथं नाय. म्हनून येवच दिली नाय."

निरीक्षकांनी खाली मान घालून लिहिलं आणि जबाब वाचून दाखवला. दुकानाचं सगळं बरोबर होतं. शेवटी होतं, घरगुती कारणासाठी गोळ्या नेल्या.

वकीलबाईंनी हलकेच मान डोलावली. मलाही ते चाललं असतं. घराची अब्रू झाकली जात होती आणि तक्रारीचं काही बिघडत नव्हतं. मी पेन आईंच्या हातात दिलं.

आईंनी पेन टेबलावर ठेवलं. "साहेब, मी असा कुटं बोलले? मी बोलले तसा लिवा."

"मावशी, अर्थ तोच आहे."

"नाय. दुकानदारानं कागुद काडून घेतला, त्याचा त्याला इचारा. पन हिला काय पायजे, ता आमी कदी इचारला नाय. ता पन लिवा."

निरीक्षकांनी ती ओळ खोडली आणि आई सांगत होत्या तसं, थांबत थांबत, लिहून घेतलं. दुकानाची तपासणी पुढे झाली, आता तिथे चिठ्ठीशिवाय ती पट्टी मिळत नाही. आयोगातल्या तारखा चालू आहेत. जिंकू असं वकीलबाई म्हणत नाहीत, पण नाही असंही म्हणत नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. आईंनी जबाबावर सावकाश सही केली, आणि मला त्या ऑफिसात सगळ्यांसमोर हुंदका फुटला. आई उठल्या. मला कोपराला धरलं आणि म्हणाल्या, "रडू नको बाय. टाकं दुकतील तुजं."