नवान्नाचे तांदूळ आणि मोठे स्टेशन

आमच्या चंद्रपुरात श्रेष्ठ रेल्वे स्थानक कोणते, हा प्रश्न माझ्या शेजारच्या गृहस्थांनी केव्हाच निकालात काढला आहे. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या जेथे थांबतात, तेच त्यांच्या लेखी स्टेशन. गावातले दुसरे, नागभीड-मूलकडच्या गाड्यांचे चांदा फोर्ट म्हणजे नुसता थांबा. हा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे मुकाट्याने ऐकत आलो. शास्त्रार्थात निदान पूर्वपक्षाला बोलू देतात. येथे तीही सोय नाही.

गेल्या आश्विन पौर्णिमेला मात्र माझी सहनशीलता संपली. त्या दिवशी आमच्याकडे नव्या तांदळाचा नैवेद्य मध्यान्हापूर्वी दाखवतात आणि तोवर घरात कोणी अन्न घेत नाही. वडिलांचे नागभीडजवळचे शेत आता माझी थोरली बहीण पाहते. लवकर येणाऱ्या हलक्या धानाचे तांदूळ घेऊन ती दरवर्षी स्वतः येते. देवापुढे ठेवीपर्यंत गाठोडे ती खाली टेकवत नाही, की पाण्याचा घोट घेत नाही. वय सत्तरीच्या पुढे.

तिला आणायला शेजाऱ्यांनी आपली मोटार काढली. मी उपकृत होऊन बसलो, "चांदा फोर्ट" असे स्पष्ट सांगितले आणि नेमाचे स्तोत्र आरंभले. आरंभलेले स्तोत्र बोलण्यासाठी तोडायचे नाही, ही पाठशाळेतली शिस्त अजून सुटलेली नाही.

मोटार भलतीकडेच वळली. मी हात हलवला, मोठ्याने हुंकार दिला. शेजाऱ्यांना ते अनुमोदन वाटले.

"तेच म्हणून राह्यलो ना गुरुजी! फोर्टवर उतरते कोण?"

मी आणखी जोराने हुंकारलो. त्यांना आणखी चेव आला. फलश्रुती संपली तेव्हा आम्ही मोठ्या स्टेशनसमोर उभे होतो.

"अहो, नागभीडची गाडी इथे येत नाही!"

"मग तुम्ही हो हो कशाला करत होता?" ते म्हणाले, आणि वर, "आता आलोच आहोत, तर पाहून घ्या, इथे किती गाड्या थांबतात ते."

बहिणीला फोन लावला, तर तो तिच्या सुनेने उचलला. सासूबाई फोन घरीच विसरून गेल्या होत्या. मी शेजाऱ्यांना अक्षरशः दंडाला धरून मोटारीत बसवले.

फोर्टच्या फलाटावर बाकी सगळे पांगले होते. बहीण एकटीच बाकावर होती. गाठोडे मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेले, ओठ सुकलेले.

"काऊन रे भाऊ, मी मालगाडीनं येतो असं वाटलं का तुले?"

मी काही म्हणण्याआधी शेजारी पुढे सरसावले. "ताई, पुढच्या वेळी बल्लारशाहून फिरून मोठ्या स्टेशनवर या. तिकडे सगळ्या सोयी आहेत."

"मले मद्रासले जायचं नाई बाप्पा, देवघरात जायचं आहे."

यानंतर तरी माणसाने गप्प बसावे! पण परतीच्या वाटेतही फलाटांची लांबी आणि गाड्यांची थोरवी चालूच होती. अखेर मी ओरडलो, "जिथे आपले माणूस ताटकळले, त्याहून मोठे स्टेशन आज नाही. आता मोटार हाका!" आवाज एवढा चढला की माझा मीच दचकलो.

सूर्य माथ्यावरून कलला होता. "वेळ टळली," मी पुटपुटलो.

"तर का झालं?" बहीण म्हणाली. "देवाले कोणती गाडी पकडायची आहे?"

देवघरात पोचल्यावर गाठोडे ठेवता ठेवेना. तिची बोटे आखडली होती. माझ्या पत्नीने ती एकेक करून सोडवली. तांदूळ धुतले, शिजवले. विलंबाची क्षमा मागून मी नैवेद्य दाखवला आणि पानाजवळचे पाण्याचे फुलपात्र प्रथम तिच्यापुढे केले. ते मीच तिच्या ओठांशी धरले. एका दमात तिने सारे पाणी संपवले आणि आणखी मागितले.