शेऱ्याच्या रकान्यात

इंग्रजी वाचनाच्या चाचणीत आजवर किती मुलांना मी पास केलं, ते आता सांगता येणार नाही. एका मुलीला पास केलं ते मात्र दिवसासकट, खोलीसकट, तिच्या गणवेशाच्या उसवलेल्या बाहीसकट आठवतं. तिला मी तेव्हा नापास केलं असतं, तर तिच्या डोळ्यांवर वेळेत उपचार झाले असते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल भलताच चांगला ग्रह करून घेणार नाही.

माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातलं. नोकरी मात्र लागली साताऱ्याच्या माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बदलीचा अर्ज पडून होता आणि मी दहिवडीत भाड्याच्या खोलीत राहून रोज एसटीनं शाळेवर जात होते. ऊस आणि पाट बघत वाढलेल्या बाईला तिथला उघडा माळ बघून पहिल्या वर्षी रडू यायचं. मग सवय झाली आणि पुढे तर लळाच लागला. मुलांचे वडील बहुतेक मुंबईला आणि आया मेंढरांमागे. पालकसभा बोलावली की चार माणसं यायची, त्यातली दोन चहाला.

वर्षातून एकदा तिसरी-चौथीच्या मुलांचं इंग्रजी तपासायचं असे. आपल्या शाळेत नाही, शेजारच्या गावच्या शाळेत. आपल्याच मुलांना आपणच गुण वाढवून देऊ नयेत म्हणून ही व्यवस्था होती. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्या मुलांना सांभाळून घ्यायचो आणि ते आमच्या. असं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं.

चाचणीचे भाग दोन. पहिला शब्दांचा. मी इंग्रजी शब्द उच्चारायचा आणि मुलानं त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. दुसरा वाचनाचा. जाड पुठ्ठ्यावर पाच ओळींचा उतारा चिकटवलेला असे, एका बाजूला नमुना अ, उलट बाजूला नमुना ब. मुलानं बोट ठेवून तो मोठ्यानं वाचायचा. अडखळलं तर आपण मनात पाचपर्यंत मोजायचं, मदत करायची नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. मग तक्त्यात बरोबरची खूण करायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा. ज्याला वाचता आलं नाही, त्याच्यासाठी वेगळं तीन पानी पत्रक होतं. ते भरायला अर्धा तास जायचा. त्यातला पहिलाच प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे: मुलाला नीट दिसतं का, नीट ऐकू येतं का?

त्या वर्षी मला जी शाळा मिळाली, तिथे दोन खोल्या आणि एकच गुरुजी. दुसऱ्या शिक्षकांची जागा रिकामी होती, म्हणून चारही वर्ग ते एकाच खोलीत घेऊन बसायचे. चाचणी दुसऱ्या खोलीत. लाईट गेलेली, त्यामुळे दार उघडं ठेवलं होतं. दाराबाहेर व्हरांड्यात मुलांची रांग.

पहिली दोन-तीन मुलं चांगलीच अडखळली. पाचव्या-सहाव्या मुलापासून मात्र वाचन एकदम सुधारलं आणि आठव्यानं तर घडाघडा वाचलं. मी मनातल्या मनात हसले. उतारा एका तांबड्या कोंबडीचा होता आणि तिची चार अंडी आता सगळ्या रांगेला पाठ झालेली होती. म्हणून पुढच्या मुलीसाठी मी पुठ्ठा उलटा केला. ब बाजूला बसची वाट बघणारा एक मुलगा होता.

ती पुढची मुलगी म्हणजे हीच. तिसरीतली, आठ वर्षांची, काटकुळी. केसांना इतकं तेल की ओघळ कपाळावर आलेला. समोर बसायच्या आधी तिनं विचारलं, "बाई, दारात हुबी ऱ्हाऊ का?"

मैत्रिणींनी बाहेरून सांगावं म्हणून हिची ही युक्ती, असं माझ्या मनात आलं. "आत ये की. इथं काय वाघ बसलाय?" मी म्हणाले. ती मुकाट्यानं आत आली.

शब्दांच्या भागात तिनं मला गार केलं. वीसच्या वीस शब्द. चौथीचा धडा चालू असताना ही तिसरीच्या रांगेत बसून ऐकायची, म्हणून वरच्या वर्गाचे शब्दसुद्धा हिला येत होते. 'नीडल' म्हटल्यावर म्हणाली, "सुई. दाभण न्हाई, ती मोठी असती." 'ब्लँकेट' म्हटल्यावर क्षणाचाही विलंब न लावता "घोंगडं". माझ्या उत्तरपत्रिकेत 'पांघरूण' असं छापलेलं होतं. मी पूर्ण गुण दिला आणि वर 'शाब्बास' म्हणाले. ती लाजली आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले.

मग मी पुठ्ठा तिच्यासमोर ठेवला. तिनं तो जवळ घेतला, मग हात लांब करून धरला, मान थोडी कलती केली. पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि स्वच्छ, न अडखळता सुरुवात केली, "आवर हेन इज रेड."

तिच्या बोटाखाली मुलगा बसची वाट बघत उभा होता आणि ती मला कोंबडी सांगत होती. पाचही ओळी सांगितल्या. चारी अंडी झाली, टोपलीसुद्धा झाली, तेव्हा तिचं बोट तिसऱ्या ओळीच्या मध्यावर होतं. ते तिनं तसंच तिथे ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं, असं आज म्हणता येतं. तेव्हा मला ती बेरकी वाटली, आणि गोडही.

मला कळलं होतं, अगदी लगेच कळलं होतं. म्हणजे मला फसवलं गेलं, अशी सबब माझ्याकडे नाही.

काय काय आलं मनात? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. मी स्वतः दहावीपर्यंत निबंध, पत्रं, उताऱ्यांची उत्तरं, सगळं गाईड घेऊन घोकलेलं. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि तरी मी चांगल्या गुणांनी सुटले होते. हिला निदान अर्थ तरी येत होते. दुसरं, गुरुजी भले माणूस. एकट्यानं चार वर्ग ओढणाऱ्या माणसाच्या शाळेवर एका मुलीपायी बट्टा कशाला? आणि तिसरं, जे सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते ते, माझी साडेचारची एसटी. रांगेत अजून सहा मुलं होती आणि ते तीन पानी पत्रक भरायला अर्धा तास.

मी बरोबरची खूण केली. शेऱ्याच्या रकान्यात 'छान' असं लिहिलं. शेरा लिहिलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती, कितीतरी मुलांपुढे मी तो रकाना कोराच सोडला होता. तिच्यापुढे मात्र लिहिलं आणि लिहिलेलं तिला ऐकवलंसुद्धा. ती उड्या मारत बाहेर गेली. जाताना चौकटीला खांदा घासला, तेही मी बघितलं. पोरं धसमुसळीच असतात, म्हटलं.

एसटी मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

त्यानंतर तीन वर्षांनी माझी बदली झाली आणि मी मिरजेजवळच्या शाळेत आले. आणखी दोन वर्षं गेली आणि एक दिवस त्या गुरुजींचा फोन आला.

"बाई, तुम्ही मिरजेलाच असता नव्हं? आमची एक पोरगी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला पाठवतोय. आई अडाणी हाय, सोबत कुणी न्हाई. जरा बघता का?"

आता ती आठवीत होती, तालुक्याच्या हायस्कुलात. तिथे नव्या शिक्षिकेनं एकदा कार्यालयातून आलेली सूचना तिला वर्गापुढे वाचायला दिली. कुणी आधी वाचून न दाखवलेली, ताजी. ती कागद धरून नुसती उभी राहिली. शिक्षिका चिडली, मग घाबरली आणि मग तिनं मुलीच्या जुन्या गुरुजींना निरोप धाडला.

नाव ऐकून मला काहीच आठवलं नव्हतं. ती स्टँडवर एसटीतून आईचा हात धरून उतरली, पायरीला पाय चाचपत, आणि मी हाक मारताच पुढे येऊन म्हणाली, "बाई, तुमी तांबड्या कोंबडीच्या नव्हं? आवाजावरनं वळखलं."

तिच्या आईनं कौतुकानं सांगितलं, "आवं बाई, लय हुशार हाय ती. मेंढरूबी आवाजावरनंच वळखती. घरात विंग्रजी कागुद आला तर तीच वाचती, बाकी समदी ठार आडाणी. तुमीच पास केल्याली न्हवं का हिला? समद्या गावाला सांगितलं हुतं हिनं." विंग्रजी कागद ही कशी वाचत असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. मुलीला लहानपणापासून फार मोठा नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना. चष्मा न मिळाल्यामुळे डोळ्यांनी कधी नीट चित्र पाठवलंच नाही आणि मेंदू ते बघायला शिकला नाही. आता चष्मा देऊ, थोडा फरक पडेल, पण छापील बारीक अक्षर तिला नीट दिसेल असं सांगता येणार नाही. "याला आळशी डोळा म्हणतात," ते म्हणाले.

"आळशी?" तिची आई उसळली. "माझी पोर आळशी? पहाटं पाचाला उठून मेंढरास्नी पाणी दाखवती ती!"

डॉक्टरांनी हसून माफी मागितली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आठ-नऊ वर्षांची असताना आणली असती तर बरंच काही हाती लागलं असतं. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी शिक्षिका आहे हे त्यांना ठाऊक होतं. ती कोण शिक्षिका, हे ठाऊक नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

"शाळंत डोळं तपासाय येत्यात की डॉक्टर," आई म्हणाली. "दरसाली पास हुती."

"रांगंत ऐकलं की येतंय म्हणता," ती पोरगी निरागसपणे म्हणाली. भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरंही तिनं तशीच पार पाडली होती, पुढच्या मुलांची ऐकून. तक्ता घेऊन येणाऱ्यांनाही ते कळलं नाही, म्हणून माझी चूक हलकी होते का? मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. होत नाही. त्यांना कळलं नव्हतं, मला कळलं होतं.

चष्म्याचा कागद घ्यायला तिची आई खिडकीपाशी रांगेत गेली. आम्ही दोघी बाकावर बसलो. ती पाय हलवत होती. आईनं बांधून आणलेली चटणी-भाकरी मिरजेच्या भाकरीहून चांगली असते, असलं काहीतरी मला सांगत होती. मला ते ऐकवेना. मी तिचा हात धरला आणि सांगून टाकलं. त्या दिवशी मी पुठ्ठा उलटा केला होता. त्याच्यावर कोंबडी नव्हतीच. तू पाठ म्हणते आहेस हे मला कळलं होतं. मी विचारायला हवं होतं, बाळा, मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

ती रागावेल असं वाटलं. रडेल असं वाटलं. खरं सांगायचं तर तिनं चिडावं, मला काहीबाही बोलावं, अशी माझी इच्छा होती. तिनं मात्र नुसते पाय हलवायचे थांबवले.

"कोंबडी नव्हती व्हय?" ती म्हणाली. "मला काय म्हाईत. मला तर नुसत्या काळ्या रेघा दिसायच्या. दारात उजेडाला जरा बरं दिसायचं." मग म्हणाली, "मला आधी भ्या वाटायचं बाई. वाटायचं, बाकीच्यास्नी कायतरी दिसतंय आन मलाच न्हाई. आईला सांगणार हुते मी त्या दिशी घरी जाऊन. पर तुमी पास केलं, छान म्हणला. मग वाटलं, वाचणं म्हंजी ह्येच असतंय. सगळ्यास्नी असंच दिसतंय, आन सगळी ऐकूनच म्हणत्यात. म्हणून मग कवा कुणाला काय बोललेच न्हाई."

तिचा हात माझ्या हातात होता आणि तो सोडावा की धरून ठेवावा, मला कळेना.

तेवढ्यात तिची आई कागद घेऊन आली. डॉक्टरांचं अक्षर, सगळं इंग्रजीत. तिनं तो सवयीनं लेकीपुढे धरला, घरात वाचता येणारी तीच म्हणून. पोरीनं कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, मान कलती केली. मग तो माझ्याकडे देत म्हणाली, "बाई, ह्यो कुणी अजून म्हणून दावला न्हाई. तुमी वाचा."