माटोळीला करंट

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोरगावच्या आमच्या घरात गणपतीच्या डोक्यावर माटोळी चढते: छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली, परसातली फळं. नारळांचा घड, सुपारीचे घोस, पपनसासारखं तोरिंगण, खरबुजासारखा चिबूड. ती बांधायची ती रानवेलीच्या सालीनं. गेल्या वर्षी काकांना माटोळीत दिवे हवे झाले. त्यांनी चौकटीवर लाइटची जुनी माळ फिरवली, ती तांब्याच्या उघड्या तारेनं आवळली आणि माळ चालू ठेवूनच फळं टांगायला घेतली. देवाची फळं म्हणून नुकतीच धुतलेली. काकाही नुकतेच आंघोळ करून अनवाणी, ओलेत्यानं. विजेला इतक्या आदरानं कोणी बोलावलं नसेल.

काका स्टुलावरून उडाले ते तांदळाच्या पोत्यांवर पडले. काकीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

शेजारचे आजोबा म्हणाले, "गळ्यापर्यंत मातयेत पुरा तेका. माती करंट ओढून घेता."

मी समाजसुधारणेच्या पत्रकांवर वाढलेली. बाबा छापायचे, मी वाटायची. अंगणात उभी राहून मी अंधश्रद्धेवर बोलू लागले. मी विज्ञानापर्यंत पोचते तोवर काकीनं शेजाऱ्याची गाडी दारात आणून काकांना मागच्या सीटवर घातलंही होतं.

"बस गो तूय," ती म्हणाली. "उरलेला गाडयेत सांग. घराकडे मी बघतंय."

इस्पितळात कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "करंट कुठून कुठे गेला?"

"उजव्या हातात तार होती," काका म्हणाले. "डाव्यात चिबूड."

पलीकडून नर्सबाईंनी कळवळून विचारलं, "फुटलो?"

"फुटलो."

नर्सबाई हळहळल्या. डॉक्टरीणबाईंना चिबडाचं दुःख नव्हतं. त्यांनी भाजलेली बोटं पाहिली, काकांच्या छातीवर वायरी चिकटवल्या, यंत्रातून निघालेली पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "ठोके मध्येच चुकताहेत. उद्या संध्याकाळपर्यंत मॉनिटरवर राहायचं. घरी हृदय अडखळलं तर इथवर आणायला वेळ मिळणार नाही."

"उद्यां चवथ!" काका उठून बसले. "पुजेक कोण बसतलो? माका झील नाय, भाव पुजा मानी नाय!"

काकांना मुलगा नाही, आणि हा भाव म्हणजे माझे बाबा.

काकांनी छातीवरच्या वायरी उपटल्या. यंत्र किंचाळू लागलं.

"काकी बसेल!" मी म्हणाले. विजेनं काढला नव्हता तसला आवाज काकांनी काढला. मग मला थांबवणं कठीण झालं. चूल बाईची, मोदक बाईचे, आणि पाटावर मात्र पुरुष? हा देव्हाऱ्यातला अन्याय आहे!

"समता मलाही हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शेजारच्या खाटेवरच्या आजी झोपल्यात."

"मी झोपूक नाय," आजी म्हणाल्या. "बोल गो."

बोलले. काका तोवर खाटेवरून एक पाय खाली सोडून बसले होते. तेवढ्यात काकीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"खंय आसात?"

"येतंय," काका म्हणाले.

"येव नकात. भटाक विचारलंय."

काका सावध झाले. "काय विचारलंस?"

"मी बसलंय तर चलात काय म्हणान. तो म्हणालो, उद्यां माका श्वास घेवक सवड नाय, कोणय बसा, पण वेळेर बसा."

मी हिरमुसले. एवढं समतेचं पाऊल, आणि ते पडलं भटाच्या घाईमुळे.

काका हळू आवाजात म्हणाले, "मंत्रांच्या वेळी पाणी खंय सोडूचा ता तुका म्हायत आसा?"

"इतकी वर्सां तुमका मागसून कोण सांगता?"

आजी खुदकन हसल्या. काकांनी आमच्या कोणाकडेच पाहिलं नाही. खाली सोडलेला पाय वर घेतला, आडवे झाले आणि छताकडे बघत नर्सबाईंना म्हणाले, "लाव गो बाय त्यो वायरी परत."