पांढऱ्या घड्याळाची हळद

बाळांनो,

काल तुमच्या आईचा फोन आला होता. माझं पांढरं घड्याळ आता जुनं झालं, ते देऊन नवीन मिळतं, तेव्हा दिवाळीत आले की घेऊन जाईन म्हणाली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुम्हाला त्या घड्याळाबद्दल एवढंच माहीत आहे की आजीने त्याचा पट्टा पिवळा करून टाकला. ते हातातून जायच्या आत तो पिवळा कसा झाला हे लिहून ठेवते. फोनवर सांगायला गेलं की शेवट आधी बाहेर पडतो आणि मधलं राहून जातं. मला ते क्रमाने सांगायचं आहे.

घड्याळ तुमच्या आईने मला आमच्या फिरण्यासाठी दिलं होतं. माझी कॉलेजातली नोकरी संपल्यापासून आजोबा आणि मी गाडी काढून आज सुप्याला, उद्या लोणी भापकरला, परवा इंदापूरला असे फिरतो. कुठे बारसं असतं, कुठे मयत. वाटेत मला काही झालं तर तिला तिकडे परदेशात कळावं, असा तिचा हिशोब. पांढऱ्या सिरॅमिकचं, दुधाच्या सायीसारखं गुळगुळीत. चरा पडत नाही, गंजत नाही. पट्टा तेवढा रबराचा, तोही पांढरा. मागच्या काचेतून ते मनगटाचे ठोके वाचतं, आणि बाजूच्या बटणावर बोट धरलं की हृदयाचा आलेख काढतं. त्याला स्वतःचं नेटवर्क आहे, त्यामुळे ते कुठे आहे आणि ठोके कसे पडताहेत हे तुमच्या आईला तिच्या फोनवर दिसतं. किंमत तिने सांगितली नाही. बारामतीच्या मंडईत भाजीवाली मात्र म्हणाली, "बाई, प्लास्टिकचं का घेतलं? लगीच पिवळं पडतंय ते."

इथल्या उन्हाशी त्याचं फारसं जमलं नाही. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ यायचं, आणि गाडीत काचेपाशी हात राहिला की पडद्यावर सूचना यायची की घड्याळ तापलं आहे. ते बोलत नाही, मनगटावर नुसतं थरथरतं. त्या थरथरण्याची मला सवय झाली होती, आणि मी त्याच्याकडे पाहायचंही सोडून दिलं होतं.

नवरात्राच्या पाचव्या माळेला आम्ही सणसरला थोरल्या आजीकडे गेलो. थोरली आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांच्या भावाची बायको. भावाला सगळे आबा म्हणतात. पावसाने पाठ फिरवून बरेच दिवस झाले होते आणि ऑक्टोबरातलं ऊन तापलं होतं. कालव्याचं पाणी हललेलं दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि त्यात एकही पान हलत नव्हतं. आजोबा म्हणाले, "कारखाना सुरू व्हायच्या आधी असंच असतं." मला ते बरं वाटलं नाही. का, ते मला सांगता आलं नसतं.

जाऊबाईंच्या घरी देवघरात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य, वर मातीचं सुगड, आणि शेजारी दिवा. तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. घट बसवणारीने पायात चप्पल घालायची नाही, खाटेवर झोपायचं नाही, आणि घट उठेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. जाऊबाई लग्न होऊन आल्यापासून हे करत आहेत. त्या वर्षी त्यांनी उपासही फार कडक धरला होता, कारण त्यांच्या सूनबाईला सातवा महिना होता आणि आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं. हे बाळ सुखरूप येऊ दे, एवढंच मागणं होतं.

त्यांनी माझं घड्याळ पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"मास्तरीणबाई, पांढरंफटक काय घातलंय हे? कुकवाचं बोट तरी लावलं का त्याला?"

"घड्याळाला कशाला?"

"नवा ट्रॅक्टर आला, लावलं. मोटार आली, लावलं. ह्यानं काय घोडं मारलंय? आण हिकडं."

त्यांनी देवापुढचं हळद-कुंकू ओलं केलं आणि घड्याळाला बोटं ओढली. पुढे ओढली, पट्ट्यावर ओढली, आणि उलटं करून मागच्या काचेवरही. "नजर मागनं लागती," म्हणाल्या. "आता दसऱ्यापत्तुर धुवायचं न्हाय."

मग घड्याळ घरभर फिरलं. आपल्याकडे नवी वस्तू आली की ती सगळ्यांच्या अंगाला लागतेच. आबांनी हातात घातलं आणि ठोक्यांचा आकडा बघून म्हणाले, "म्हंजे हाय मी अजून." सूनबाईने घातलं, तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या पुतण्याने घातलं. शेवटी जाऊबाईंनी बांगड्या वर सारून घातलं. त्यांच्या हातावर आकडा ठरेना. वर जाई, खाली येई, मध्येच नुसत्या रेघा. मी त्यांचं बोट बटणावर धरायला लावलं. आलेखाच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या, आणि घड्याळ थरथरलं. पडद्यावर इंग्रजीत आलं की ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा.

"काय म्हनतंय?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. पुतण्या हसला. "आई, तूच मागनं हळद फासलीस. डोळ्यात हळद गेल्यावर त्याला काय दिसंल?"

सगळे हसले, जाऊबाई सगळ्यात जास्त. "माझ्या हातालाच हळद हाय, त्याला नवरी वाटली असंल मी." मीही हसले. ते पटण्यासारखंच होतं.

चहा घेऊन आम्ही निघालो. सणसर मागे पडलं तेव्हा मी सहज मनगटाकडे पाहिलं. आकडा शांत होता, एका जागी. मी बटणावर बोट धरलं. रेघा सरळ, एकसारख्या, वहीत आखल्यासारख्या. मी घड्याळ काढून उलटं केलं. मागच्या काचेवर हळद तशीच होती, वाळून घट्ट बसलेली. मी ती पुसली नव्हती, कारण दसऱ्यापर्यंत धुवायचं नव्हतं.

म्हणजे हळदीतूनही घड्याळाला नीट दिसत होतं.

"गाडी वळवा," मी आजोबांना म्हटलं.

"काय विसरलं?"

"वळवा आधी."

निघालेलं माणूस माघारी आलं की घरचे दचकतात. जाऊबाई दारातच म्हणाल्या, "का गं, काय झालं? बस, पानी पी. बसल्याबिगर परत निघायचं न्हाय." मी बसले, पाणी प्याले आणि घड्याळ पुन्हा त्यांच्या हातात घातलं. या वेळी कुणी हसलं नाही. तेच आकडे, त्याच रेघा. मी विचारलं, "घेरी येते का?"

"उपासाची येतीच की."

"छातीत धडधड?"

"रातचं जरा पाखरावानी फडफडतं. त्यात काय."

गावातले डॉक्टर स्कूटरवर आले. त्यांनी नाडी धरली, मग बराच वेळ नळी छातीला लावून बसले. बाहेर ओसरीवर येऊन म्हणाले, "आजच बारामतीला न्या. असे ठोके पडले की रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर हात-पाय जातो, वाचा जाते. माणूसही जातं." आत जाऊबाईंना ऐकू येत होतं. त्यांनी डॉक्टरांच्या हातावर प्रसादाची साखर ठेवली आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या उपासाला चालतात का तेवढं विचारून घेतलं.

"दसरा झाला की येते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं. एरवी मी बरं समजावते. दिवा मी सांभाळते म्हटलं. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तू जेवून आलीस, चप्पल घालून आलीस. नुसतं तेल घालायचं आस्तं तर मी पोराला सांगितलं आस्तं की." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या जिवाचं बघू का तिच्या पोटाचं? तूच सांग, तू शिकलीस." सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उचलून न्यायला मला येतं बाई. पर शीव वलांडली आन् पोटातल्या पोराला काय झालं, तर ती माझ्या तोंडाकडं बघायची न्हाय पुन्हा."

मग मी एवढंच केलं, की घड्याळ त्यांच्याच मनगटावर ठेवलं आणि आजोबा-मी तिथेच राहिलो. "हे काढायचं नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिव्याला मी बघते, मला हे बघंल. बरं हाय." तुमच्या आईला मी फोनवर सांगितलं की आता दिसतात ते ठोके माझे नाहीत, थोरल्या आजीचे आहेत. ती म्हणाली, "आई, हे बघवत नाही." मी म्हटलं, बघत राहा.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे, कारण काहीच घडलं नाही. सकाळी माळ चढायची. घटातलं धान्य अंधारात पिवळं पिवळं वर येत होतं. जाऊबाई घोंगडीवर बसून असायच्या आणि अधूनमधून त्यांचं मनगट थरथरायचं. थरथरलं की त्या न बघताच दुसरा हात त्यावर ठेवायच्या, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. बोलत असू तर सगळे बोलायचं थांबायचे. थोड्या वेळाने कुणीतरी पावसाचं काहीतरी काढायचं. गोळ्या त्या वेळेवर घेत होत्या. पट्ट्यात घामाने हळद उतरत गेली. वारा नव्हताच.

आठव्या माळेच्या दुपारी जेवणं झाली होती. मी ओसरीवर होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग तेलाचा वास. जाऊबाई बसलेल्याच होत्या, पण तेलाची बुधली त्यांच्या डाव्या हातातून निसटली होती आणि तो हात मांडीवर कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं. आबा धावले, पुतण्याने जाऊबाईंना उचललं. आजोबा गाडीची किल्ली घेऊन आधीच अंगणात होते. मी बरोबर निघाले तेव्हा त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं, घट्ट, आणि दिव्याकडे पाहिलं. शब्द नीट आला नाही, पण मला तो कळला. तेल.

म्हणून मी मागे राहिले. गाडी गेली. आबांनी एकदाही शिवेचं नाव काढलं नाही.

घरात सूनबाई आणि मी उरलो. जमिनीवर तेल पसरलं होतं आणि दिव्यात थोडंच राहिलं होतं. आंघोळ करायला वेळ नव्हता. दुपारचं जेवलेल्या हातांनी मी डबा उघडला आणि दिव्यात तेल घातलं. ज्योत जरा तडतडली आणि पुन्हा उभी राहिली. सूनबाई घोंगडीशेजारी खाली बसली.

तेवढ्यात तुमच्या आईचा फोन आला. तुमच्याकडे पहाट होत होती, तुम्ही झोपला होता.

"आई, घड्याळ रस्त्यावर आहे. कुठे चाललंय?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस." मग ती तिथून मला सांगत राहिली आणि मी दिव्याकडे बघत ऐकत राहिले. कालवा गेला. आता रस्ता सरळ आहे. आता थांबलेत, बहुतेक एखादी ट्रॉली असेल. आता निघाले. ठोके आहेत, आई, कसेही असले तरी आहेत. सात समुद्रांपलीकडून ती मला माझ्याच ओळखीचा रस्ता सांगत होती. बारामती आली. हॉस्पिटल आलं.

मग ती बोलेना.

"काय गं?"

"आई, ठोके दिसत नाहीत."

मी सूनबाईकडे पाहिलं नाही. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी दिव्याची वात उगाचच पुढे सारली. तुमची आई तिकडे श्वास घेत होती, तो मला ऐकू येत होता. दोघींनीही फोन ठेवला नाही. किती वेळ गेला ते मला माहीत नाही, घड्याळ माझ्या हातात नव्हतं.

शेवटी सूनबाईचा फोन वाजला. आजोबांचा होता. जाऊबाईंना आत घेतलं होतं. तपासणीसाठी हातातलं सगळं काढायला लावलं, बांगड्या आणि घड्याळसुद्धा, आणि ते आजोबांच्या खिशात होतं. वेळेत आणलं, डॉक्टर म्हणाले होते, पण अजून काही सांगता येत नाही.

अजून काही सांगता येत नाही, हे मी दसऱ्यापर्यंत रोज ऐकलं. दिवा मी सांभाळला. घट उठला तेव्हा जाऊबाई तिथे नव्हत्या.

नंतर घड्याळ परत आलं. मागची काच आणि सिरॅमिक मी ओल्या कापडाने पुसलं, ते लगेच पहिल्यासारखं झालं. पट्टा झाला नाही. मी साबण लावला, लिंबू लावलं, उन्हात ठेवला. भाजीवालीचं खरं झालं. तुमची आई म्हणाली नवा पट्टा पाठवते. मी नको म्हटलं.

पुढे एकदा मी जाऊबाईंना विचारलं होतं, शीव ओलांडावी लागली त्याचं वाईट वाटतं का. त्या आता हळू बोलतात, शब्द एकेक करून पुढे ठेवतात. म्हणाल्या, "मी कुठं वलांडली? मला नेली." आणि पुढे, "दिवा हाय म्हनल्यावर मी हितंच व्हते." कशाने काय वाचलं, याचा क्रम मला अजून लावता आलेला नाही. तुमची आई म्हणते घड्याळाने. मी तिला खोडून काढत नाही, आणि जाऊबाईंनाही नाही. ऊस तसाच निपचित उभा असला की आजही मी आधी मनगटाकडे बघते.

घड्याळ द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते चालू आहे. पट्टा पिवळा आहे. जाऊबाईंचा डावा हात चालत नाही, पण त्या आहेत, आणि सूनबाईची मुलगी आहे.